बॅटरीपासून एक वीत

कोणीतरी एकदा, कुठेतरी, नवा बूफर बसवलेल्या गाडीच्या टपावर मूठभर तांदूळ टाकले असणार, गाणं लावलं असणार आणि चारचौघांत म्हटलं असणार, "पाहा, नाचून राह्यले." तू कोण होतास, कोणत्या गावचा, मला ठाऊक नाही. पण आमच्या या भागात जेवढे अ‍ॅम्प्लिफायर जळाले त्यांचं पाप तुझ्याच माथ्यावर आहे. तू टाळ्या घेऊन घरी गेला असशील, जेवून झोपला असशील. इथे मी अजून तुझे तांदूळ झाडते आहे.

प्रकार असा आहे. गोंदियापलीकडच्या, राज्याच्या हद्दीबाहेरच्या आमच्या बालाघाटात गाडीत बूफर, म्हणजे तुमचा वूफर, बसवून झाला की गिऱ्हाईक तो कानानं तपासत नाही. टपावर तांदूळ टाकून तपासतं. दाणे उड्या मारायला लागले तर काम झक्कास. बसून राहिले तर मिस्त्री चोर.

आणि मिस्त्री मी आहे.

दुकान मदनकाकाचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाचं. बस स्टँडच्या पुढे, सीट कव्हर, मॅट, काचेची फिल्म असलं सगळं. मी गोंदियाला इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, परत आले आणि काकाच्या मागे लागून दुकानात गाण्याचं काम सुरू केलं. अ‍ॅम्प, बूफर, वायरिंग. एकाच अटीवर: बॅटरीपासून एका वितीच्या आत मेन फ्यूज लागल्याशिवाय गाडी दुकानातून हलणार नाही.

ही अट समजायला बी.एस्सी. लागत नाही. बूफरला करंट लागतो फार. म्हणून बॅटरीपासून डिक्कीपर्यंत एक जाड तार न्यावी लागते, गालिच्याखालून, सीटांच्या खालून. ती वाटेत कुठे पत्र्याला घासली आणि सोलली, तर अख्खी बॅटरी तिच्यातून वाहते आणि तार चुलीतल्या सळईसारखी लाल होते. वर माणसं बसलेली असतात. बॅटरीजवळ फ्यूज असेल तर आधी तो उडतो. गाणं बंद, विषय बंद. बस, एवढंच.

काका म्हणाला, "लग्नसराई संपेपर्यंत चालव तुह्या नियमानं. गिऱ्हाईक टिकलं तं ठीक. नाही टिकलं तं हे खोके उचलायचे, अन् माह्यासंग सीट कव्हर शिवायले बसायचं. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं, एकदा नीट समजावून सांगितलं की लोक ऐकतात.

तर हे किस्से त्या लग्नसराईचे. गोळा करावे लागले नाहीत. दुकान झाडलं की कोपऱ्याकोपऱ्यातून तारांचे तुकडे निघतात ना, तसे आपोआप निघत गेले.

*

पहिली गाडी लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलवाल्याच्या मुलाची. गाडी मोठी, बूफर दोन, काळा चष्मा एक.

आल्या आल्या त्यानं काकाला विचारलं, "मिस्त्री किधर है?"

काकानं माझ्याकडे बोट केलं. मुलानं माझ्या मागे पाहिलं. मागे भिंत होती.

मी दिवसभर काम केलं. फ्यूज लावला. मग मीटर लावून अ‍ॅम्पचा गेन सेट केला. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. पुढून जो सिग्नल येतो त्याच्याशी अ‍ॅम्प जुळवून घेण्यासाठी ते असतं. उगाच पिळलं तर आवाज फाटतो आणि बूफरची कॉइल जळते. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो "हां दीदी, हां दीदी" करत राहिला आणि मी वळताच त्यानं खिशातून तांदूळ काढून टपावर टाकले.

गाणं लावलं. दाणे हलेनात.

"काका, बूफर कमजोर है," तो मला न बघता म्हणाला.

मी म्हटलं, गेन वाढवणार नाही. तो म्हणाला, मग गाडी नेणार नाही. आम्ही दोघं टपाच्या दोन बाजूंना उभे. मध्ये तांदूळ.

काका उठला. टपावरचा एक दाणा उचलून त्यानं उन्हात धरला. "हा कोणता हाय गा?"

"मिलचाच. मोटा."

"म्हणून तं," काका म्हणाला आणि शेजारच्या किराणा दुकानातून मूठभर चिन्नोर घेऊन आला. बारीक, हलका दाणा. टाकला तसा नाचायला लागला. मुलानं मोबाईल काढून व्हिडिओ घेतला, चष्मा चढवला आणि खूश होऊन गेला.

त्या दिवसापासून माझ्या मीटरच्या शेजारी स्टीलचा एक डबा आहे. त्यात चिन्नोर. मी विचारलं, हे काय.

"तुहा मीटर तू पाह्य," काका म्हणाला. "गिऱ्हाईकाचा मीटर हा हाय."

*

वारासिवनीचे एक गुरुजी आले. प्राथमिक शाळेत शिकवतात. जुनी छोटी गाडी, भजनं ऐकायला एक साधा बूफर हवा होता. फ्यूज पाहून ते म्हणाले, "हे कायले पाहिजे?"

कोणी "कायले" विचारलं की मला बरं वाटतं. मी पुठ्ठ्यावर चित्र काढलं. बॅटरी, तार, पत्रा, सीट, सीटवर बसलेला माणूस. गुरुजींनी चित्रातल्या माणसाच्या डोक्यावर एक टोपीही काढायला लावली. मग प्रश्न विचारले. तार का तापते? फ्यूज डिक्कीत लावला तर का चालत नाही? मी म्हटलं, डिक्कीतला फ्यूज फक्त अ‍ॅम्पला वाचवतो, मधली सगळी तार उघडीच राहते, म्हणून बॅटरीजवळच हवा. त्यांनी मान डोलावली. फ्यूज उडणं म्हणजे बिघाड नसून बिघाडाची खबर असते, हे वाक्य तर त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

मला भरून आलं. वाटलं, हा माणूस सोमवारी शाळेत पोरांना सांगेल. पोरं घरी जाऊन बापांना सांगतील.

गुरुजी उठले. "बाई, फार चांगलं समजावलं तुम्ही. आजवर कोणी असं समजावलं नाही."

मग काउंटरवर वाकून, फ्यूजच्या खोक्यात बोट फिरवत म्हणाले, "आता यातला असा एक द्या, जो कधीच उडणार नाही."

*

गाडीची पूजा आपण करतो. पण बूफरची पूजा मी पहिल्यांदा इथे पाहिली.

एक मावशी मुलासोबत आल्या होत्या. मुलानं नवी गाडी घेतली होती, मागे मोठं खोकं बसवलं होतं. काम झालं, मी बिल करायला आत गेले. बाहेर आले तर मावशींनी नारळ काढला होता आणि फोडायला जागा शोधत होत्या. डिक्कीत कडक अशी एकच वस्तू होती. अ‍ॅम्प.

मी धावले. "मावशी, तिथं नको. पाणी जाईल आत."

"देवाचं पाणी हाय बाई," मावशी म्हणाल्या. "त्यानं काय होते?"

शेवटी नारळ फरशीवर फुटला. पण मी नारळाकडे लक्ष देत असताना त्यांनी बूफरच्या कागदावर, म्हणजे त्या काळ्या वाटोळ्या पडद्यावर, कुंकवाचं स्वस्तिक काढून घेतलं. खोक्याला हवा जायला गोल भोक असतं. त्यात हळद, कुंकू आणि अक्षता वाहिल्या. मुलगा म्हणाला, "होऊ द्या ना ताई, आईचं मन."

मग सगळे गाडीत बसले. मावशी, मुलगा, सून. मुलानं गाणं लावलं.

त्या भोकातून हवा काय वेगानं बाहेर येते, हे मी जाणते. ते जाणत नव्हते. पहिल्याच ठोक्याला हळद-कुंकवाचा लोट मागून आला आणि तिघांच्या डोक्यांवर, मानांवर, सुनेच्या नव्या साडीवर बसला. अक्षताही आल्या.

मी डोळे मिटले. आता भांडण होणार.

सुनेनं पदर झटकला. मग मावशींनी मागे वळून बूफरला हात जोडले.

"पावला," त्या म्हणाल्या.

*

लांजीकडचे एक भाऊ तीनदा आले. तक्रार एकच: गाणं लावलं की मागून खुळखुळ येते. नवा बूफर, माझंच काम.

पहिल्या खेपेला मी नंबर प्लेट पाहिली. बहुतेक वेळा तीच वाजते. रबर लावून दिलं. दुसऱ्या खेपेला डिक्कीचं झाकण, स्टेपनी, जॅक, सगळं घट्ट केलं. तिसऱ्या खेपेला ते बायकोला घेऊन आले. आवाज चढवून बोलायला लागले, की पलीकडच्या दुकानात लावलं असतं तर बरं झालं असतं. काका शिवण सोडून ऐकत होता.

मी हट्टाला पेटले. खोकं बाहेर काढलं. उलटं केलं. आतून खुळखुळ. गोल भोकात हात घातला तर कापडाची पुरचुंडी लागली. मग दुसरी. मग तिसरी. एक फाटलेली होती. वालाच्या बिया, दोडक्याच्या बिया आणि काहीतरी काळं बारीक, बहुधा माठाच्या भाजीचं.

भाऊ बायकोकडे पाहायला लागले.

"मीच ठेवलं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "बेण्याचं हाय."

"बेण्याचं बी बूफरमध्ये ठेवते का कोणी?" भाऊ ओरडले.

"मंग कुठं ठेवू? घरात उंदीर एक बी सोडत नाही. कोठीत नाही, मडक्यात नाही." त्यांनी पुरचुंड्या माझ्या हातातून घेतल्या, मोजल्यासारखं केलं. "इतं बरं होतं. तुमच्या त्या गाण्यात कोणता उंदीर राहीन?"



*

या सगळ्या लग्नसराईत मनापासून खूश झालेलं गिऱ्हाईक एकच. उकव्याचा जीपवाला.

हा बैहर ते उकवा सवारी मारतो. खाणीतले लोक, बाजारकरणी, सगळे. त्याच्या जीपमध्ये डिक्की अशी नाहीच, म्हणून मी चपटा बूफर मागच्या बाकाखाली बसवला. फ्यूजला तो काही बोलला नाही. "लगाओ ना, तुमको जो लगाना है," म्हणाला. मी त्याच वेळी त्याला मनात भाऊ मानलं.

आठवड्यानं परत आला. चेहरा गंभीर.

"काय झालं? आवाज फाटला का?"

"नाही. आवाज कमी करून द्या."

"कमी?" मी म्हटलं. माझ्या दुकानात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता.

त्यानं सांगितलं ते असं. बाजाराच्या दिवशी मागच्या बाकावर टोपल्या घेऊन मावश्या बसतात. रस्ता खराब, कंबर दुखते. बूफर लागल्यापासून त्याच बाकासाठी भांडण होतं. समोरची सीट रिकामी सोडून बाया मागे घुसतात. एकीनं तर तिचा स्टॉप आला तरी उतरायला नकार दिला. "गुदगुद करते," म्हणते, "कमरेले लय आराम हाय."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं हाय, पण त्यायले गाणं नाही पाहिजे. एक म्हणे, हे गाणं लावशीन तं मी पायी जाईन." त्यानं आवाज खाली आणला, डॉक्टरला सांगावं तसा. "ताई, गाणं बंद करून नुसतं गुदगुद ठेवता येते का?"

येतं. पुढचे स्पीकर बंद करून, अ‍ॅम्पवर फक्त खालचा, जाडा आवाज पाठवायची सोय असते. मी ती लावली. त्यानं बाकावर बसून पाहिलं. बराच वेळ बसला. काकालाही बसवलं.

काका उठताना म्हणाला, "निकिता, हे दुकानातल्या खुर्चीले नाही होत का?"

*

आता जरा कडू किस्सा.

रस्त्याच्या पलीकडे जो गाण्याचं काम करतो, त्याचं नाव मी घेणार नाही. तो फ्यूज लावत नाही. तो मीटर वापरत नाही. चहा संपेपर्यंत गाडी तयार करतो आणि दाणे टपावरून उडून नालीत पडतील इतका गेन पिळतो. माझी अर्धी गिऱ्हाइकं माझा फ्यूज पाहून त्याच्याकडे वळली. मी त्यांना जाताना पाहत असे आणि काका मला पाहताना पाहत असे.

एक दिवस त्यातलाच एक परत आला. धानाचा दलाल, हाताला जाड कडं. माझ्याकडून निघून पलीकडे काम केलेला. गाडीतून जळका वास येत होता. दार उघडलं तर ड्रायव्हरच्या मागचा गालिचा काळा, त्यात ताटाएवढं भोक, सीटचा फोम वितळून खाली आलेला. मधली तार सोलून पत्र्याला लागली होती. अगदी जसं मी पुठ्ठ्यावर काढते तसं.

माणूस वाचला होता. मागे कोणी बसलेलं नव्हतं.

आनंद झाला म्हणणं बरोबर नाही. पण मला वाटलं, आता तरी. मी काकाला बोलावलं. काका आला, वाकून पाहिलं. मी दलालाला फक्त एवढंच विचारलं, "दादा, त्या दिवशी मी काय सांगत होते?"

"सांगत होत्या ना," तो म्हणाला. "फ्यूज उडते, गाणं बंद होते."

"मग?"

"मंग काय?" त्याला खरोखरच कळलं नव्हतं मी काय विचारते आहे. "तुमच्याकडं लावला असता तं रस्त्यातच बंद पडला असता. त्या समोरच्याचा निदान घरापर्यंत वाजला."

मी आत जाऊन पाणी प्यायले. बाहेर आले तर काका त्याला नव्या सीट कव्हरचे रंग दाखवत होता.

*

त्या आठवड्यात दुकानात दुसरं शिलाई मशीन आलं. काकानं ते माझ्या कामाच्या टेबलाशेजारी ठेवलं, वर चादर टाकली. मी विचारलं नाही. मशीन कोणासाठी आहे हे विचारायला काय मी वारासिवनीचे गुरुजी आहे?

काका वाईट माणूस नाही. एकदा दुपारी डबा खाताना म्हणाला, "तू खोटं बोलत नाहीस पोरी. पण तुह्याकडं जे हाय ते कोणाले दिसत नाही. सीट कव्हर दिसते. गाणं ऐकू येते. तुहा फ्यूज लागला तं काहीच होत नाही. काहीच न होण्याचे पैसे लोकं काहून देतीन?"

मी म्हटलं, "दरवाजाला कडी लावतात ना? चोर आला नाही म्हणून कडी परत करतात का?"

"कडी तं दिसते," काका म्हणाला आणि लोणचं पुढे केलं.

*

आणि हा शेवटचा. लग्नसराईच्या शेवटच्या तारखेचा. सकाळी काका म्हणाला होता, "संध्याकाळी बसू आपण, बोलू." मी तारा गुंडाळून ठेवायला सुरुवात केली होती.

भर दुपारी फुलांनी मढलेली एक गाडी दुकानापुढे येऊन उभी राहिली. मी ओळखली. दिवाळीनंतर तिच्यात बूफर मीच बसवला होता. गाडीचे मालक नवरदेवाचे भाऊजी. तेच चालवत होते, फेटा बांधून, घामाघूम. मागे नवरदेव आणि नवरी.

भाऊजी दार आपटून उतरले. "ताई, हे काय लावलं तुम्ही? लालबर्ऱ्यातून नवरी घेऊन निघालो, गाव सुटलं नाही तं गाणं बंद. बस पुढं गेली, बँड पुढं गेला. इथवर मुक्यानं आलो. किरनापुरात सारं गाव रस्त्यावर उभं हाय. बिना गाण्याची नवरी उतरवू का मी?"

लोक जमायला वेळ लागला नाही. पानवाला आला, किराणावाला आला. पलीकडचा तो, ज्याचं नाव घेणार नाही, हात पुसत आपल्या दारात येऊन उभा राहिला.

मी बॉनेट उघडलं. फ्यूज उडालेला. दुसरा लावला. तोही लावताक्षणी गेला. मग मागचं दार उघडून सीटखाली वाकले. नवरदेव नवरीला हळू आवाजात काहीतरी सांगत होता, मला पाहून तो गप्प झाला. कोणीतरी वरातीसाठी टपावर दोन भोंगे आणि रंगीत दिव्यांची माळ लावली होती आणि त्यांना वीज दिली होती माझ्या तारेतून. मधेच सोलून, पीळ देऊन, वर साधी चिकटपट्टी. ती सुटून तार सीटच्या लोखंडी पट्टीला लागली होती. पट्टीच्या बरोबर वर नवरीच्या शालूचा काठ लोंबत होता. आजूबाजूला जाळीचे पडदे, वाळलेला झेंडू, कागदी झिरमिळ्या.

मी उभी राहिले. "भाऊजी, तार उघडी पडली आहे. गालिचा उचलून बदलावी लागेल. तासभर लागेल."

"तासभर?" भाऊजींनी भोवतीच्या लोकांकडे पाहिलं. "गृहप्रवेशाचा मुहूर्त काय तुमच्या दुकानात घालवू? फ्यूज काढून फेका. डायरेक्ट जोडा. नाही जमत तं समोर जातो, तो उभ्या उभ्या करून देते."

पलीकडच्यानं मान हलवली. देतो.

"भाऊजी, गाणं राहू द्या, तसंच जा. उद्या आणा, मी सगळं नवं करून देते."

"गाण्यासाठीच तं गाडी सजवली."

एवढ्यात काका मशीनवरून उठून आला. त्यानं उडालेले दोन्ही फ्यूज हातात घेतले, खाली-वर केले. गाडी पाहिली. गर्दी पाहिली. पलीकडच्या दारातला माणूस पाहिला. मग मला बाजूला घेऊन अगदी हळू म्हणाला, "निकिता, डायरेक्ट दे."

इतक्या महिन्यांत त्यानं हे वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं. तांदळाचा डबा ठेवला, मशीन आणलं, पण हे नाही.

"तार नवरीच्या सीटखाली आहे, काका."

"मले दिसलं."

"मग?"

"मंग काय. लग्नसराई संपली." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "जोडून दे. मंग हे टेबल तुहं, संध्याकाळी बोलायचं काही उरत नाही."

मी बॉनेटपाशी परत गेले. तारेचं टोक एका हातात, पक्कड दुसऱ्या हातात. बॅटरीपासून तार एक वीत दूर. ती वीत मी ओलांडली तर गाणं सुरू होणार होतं, भाऊजी खूश होणार होते, पानवाला परत जाणार होता. आणि उद्यापासून मी सीट कव्हर शिवायला बसले काय नि याच टेबलावर तारा जोडत राहिले काय, सारखंच.

"जोडा ना ताई," भाऊजी म्हणाले. "काय पाहून राह्यल्या?"

मागची काच खाली आली. नवरीनं डोकं बाहेर काढलं. मुंडावळ्या बाजूला सारल्या, डोळ्यांवर आलेलं ऊन हातानं अडवलं. लालबर्ऱ्यापासून तिथवर ती सासरच्या कोणासमोर एक शब्द बोलली नसेल. भाऊजींकडे तिनं पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली,

"ताई, राहू द्या ना तसंच. गाणं बंद झालं तवापासून हे त्यायच्या म्हशीचं काहीतरी सांगून राह्यलते. ते अर्धंच राह्यलं."